वारा नसता तर पूल कधीच ओलांडला असता

१ सप्टेंबर, रविवार

न्येवेसचा वालेन्सियाहून फोन. लग्न ठरलं! २८ तारीख, शनिवार, संध्याकाळी. जागा म्हणजे दरीपलीकडचं, जुन्या मठातलं हॉटेल. एकुलती एक मुलगी, डोळ्यांत पाणी आलं. तिला सांगितलं, कांदा चिरतोय. (कांदा चिरत नव्हतो.)

म्हणाली, बाबा, पाद्रिनो तूच. म्हटलं, मग काय शेजारी? नवरीचा हात धरून तिला नवऱ्यापाशी नेऊन सोडायचं, हा मान बापाचाच. पुढे म्हणाली, आपण गाडीतून यायचं नाही हं, आपण दोघं सान पाब्लोच्या पुलावरून चालत यायचं. पलीकडे नवरदेव गियेम उभा असेल, बँड वाजत असेल, फोटोग्राफर समोरून फोटो काढेल. तू असलास की झालं, तू तर रोज जातोस त्या पुलावरून.

मी म्हणालो, रोज.

फोन ठेवता ठेवता हळूच म्हणाली की आईचं म्हणणं, तुला काही त्रास असेल तर फर्मीन येईल माझ्याबरोबर. आई म्हणजे विसी, माझी माजी बायको. फर्मीन म्हणजे तिचा आत्ताचा नवरा. लोकांना पट्टे बांधून कड्यावर चढवतो आणि त्याचे पैसे घेतो. मी विचारलं, त्रास? कसला त्रास? मला?

स्वतःसाठी नोंद: माझं उंचीशी काही वाकडं नाही. बावीस वर्षं कुएंकात गाइड आहे. दोन दऱ्यांच्या मधल्या कड्यावर वसलेल्या गावात जन्मलेल्या माणसाला उंचीचं काय कौतुक! मला फक्त लोखंड आवडत नाही, आणि हा पूल लोखंडी. त्या जागी पूर्वी दगडी पूल होता, तो पडला. दगडाची ही गत, तर लोखंडाचं काय सांगावं? शिवाय खालच्या फळ्या लाकडी. म्हणून मी माझा ग्रुप पुलाच्या अलीकडेच थांबवतो आणि सांगतो की कड्यावरून दरीवर झुकलेल्या लटकत्या घरांचा फोटो इथूनच सुंदर येतो. (मधून जास्त चांगला येतो असं म्हणतात. मधे जायचा योग आला नाही.)

निश्चय: उद्यापासून रोज सकाळी पुलावर सराव. चार दिवसांत विषय संपवणे.

२ सप्टेंबर, सकाळी

गेलो होतो. वारा फार. परत आलो.

३ सप्टेंबर

वारा.

४ सप्टेंबर

आजही वारा. आई म्हणाली, कुठला वारा, माझे कपडे दोरीवर मढ्यासारखे लोंबतायत. आईला दरीतल्या वाऱ्यातलं काय कळतं?

आई म्हणजे एर्मीनिया, वय त्र्याऐंशी. ती रोज सकाळी भाजीची चाकांची पिशवी ओढत त्याच पुलावरून पलीकडे जाते. पलीकडे ऊन लवकर येतं म्हणून. तिथे बाकावर बसते, मैत्रिणींशी भांडते आणि जेवायला परत येते. म्हणाली, चल, मी तुझा हात धरते. म्हटलं, आई, मी सत्तावन्न वर्षांचा आहे. म्हणाली, म्हणूनच म्हणते, पडलास तर उचलणार कोण?

हे वाक्य तिने बोलायला नको होतं. दुपारभर डोक्यात तेच. पडलास तर. जेवण गेलं नाही. दुपारच्या ग्रुपला कॅथेड्रल दाखवताना खांबाला धरून उभा होतो.

६ सप्टेंबर

शास्त्रशुद्ध विचार केला. एकदम मोठ्या उंचीवर जाणं हाच मूर्खपणा. पायरीपायरीने जावं. आज ग्रुप घेऊन डोंगरात ‘जादूच्या नगरी’ला गेलो. वाऱ्यापावसाने कोरलेले आळंब्यासारखे प्रचंड खडक. मी त्या खडकांच्या खालून फिरलो. मान वर करून उंचीकडे निर्भयपणे पाहिलं. अजिबात गरगरलं नाही. मोठं यश!

परतीच्या वाटेवर ‘सैतानाची खिडकी’. खडकाला आरपार दोन भोकं आहेत, तिथे उभं राहिलं की थेट खाली नदी. ग्रुप गेला. मी बसमध्ये थांबलो, कारण गालिसियाच्या एका बाईंची पर्स सीटवर राहिली होती आणि जबाबदारी ती जबाबदारी. बाई परत आल्या आणि म्हणाल्या, अहो, पर्स माझ्या खांद्याला आहे, ही तर ड्रायव्हरची डब्याची पिशवी. असो. डब्याचीही चोरी होऊ शकते.

१० सप्टेंबर

फर्मीन घरी आला. हेल्मेट, पट्टे, दोर, कड्या, सगळं घेऊन. हा माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट नाही. मिठी मारतो. म्हणाला, विसी उगाच काळजी करते, मी तिला सांगितलं की एलादिओ कड्यावर वाढलेला माणूस आहे. चल, लोखंडी शिड्यांची वाट करून येऊ, लग्नाआधी जरा मजा.

नाही म्हणायला कारण सुचलं नाही. तयारी कमी पडली. यापुढे तीन कारणं कायम तयार ठेवणे.

नदीकाठच्या कड्यात लोखंडी दांडे ठोकलेले आहेत. त्यांना माणसं आपखुशीने लोंबकळतात. मी पट्टा बांधला. म्हटलं, काचतो. फर्मीनने सैल केला. म्हटलं, सैल आहे. त्याने आवळला. हेल्मेट मोठं, मग लहान. मग माझा गुडघा. फर्मीनने गुडघा चोळून दिला. शेवटी पहिल्या दांड्यावर पाय ठेवला, मग दुसऱ्या. खाली पाहिलं तर फर्मीनचं डोकं माझ्या कमरेला लागत होतं. तरी हातांना असा घाम सुटला की दांडा निसटायला लागला. कानात कुणीतरी ढोल बडवत होतं. म्हटलं, फोटो काढ लवकर. काढला. उतरलो. फर्मीन म्हणाला, गुडघा बरा झाला की वर जाऊ. सगळं खरं मानतो. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

फोटोतली जमीन कापून न्येवेसला पाठवला. तिने बदाम पाठवले, लाल. लिहिलं, बाबा, तू किती धीट आहेस, मी सगळ्यांना दाखवला.

सगळ्यांना कशाला दाखवायचा?

१४ सप्टेंबर

आज पुलावर पोचलो. अक्षरशः पुलावर. कसं झालं ते लिहून ठेवतो.

टोकाशी उभा होतो. एका जोडप्याने फोटो काढायला सांगितलं. दोघं फ्रेममध्ये मावेनात म्हणून मी मागे सरकलो, आणखी सरकलो, फोटो काढला, जोडपं निघून गेलं, आणि लक्षात आलं की पायाखाली फळ्या आहेत. दोन फळ्यांमधली फट दिसली. फटीतून झाडांचे शेंडे दिसले. झाडांचे शेंडे, खाली!

कठडा धरला. सोडवेना.   लोक जात-येत होते, म्हणून चेहरा गाइडचा ठेवला आणि बोलायला लागलो. पूल कधी बांधला, कसा बांधला, आधीचा का पडला. माणसं थांबली, ऐकायला लागली, एकाने नाणंही दिलं. जुना पूल पडल्याचं मी दोनदा सांगितलं आणि दुसऱ्यांदा माझाच आवाज चिरका निघाला.

तेवढ्यात पलीकडून बालवाडीची रांग आली. सगळी पिल्लं एका लांब दोरीला धरून. पुढे बाई, मागे दोरीचं टोक मोकळं. मी ते टोक धरलं. डोळे मिटले. दोरी ओढेल तसा चालत राहिलो. जमीन लागली. बाई म्हणाल्या, आजोबा, आता दोरी सोडा. मला आजोबा म्हणण्याचं काही कारण नव्हतं.

निष्कर्ष: पुलावरून परत येणं मला जमतं. अर्धं काम झालं.

२० सप्टेंबर

सान मातेओचा सण. दरवर्षीप्रमाणे चौकात दोराला बांधलेल्या कालवडी सोडल्या. बासिलिओच्या बारमधल्या मंडळींनी मला सणाचा अंगरखा घातला, हातात रेसोलीचा, म्हणजे इथल्या कॉफीच्या गोड दारूचा, ग्लास दिला. एक ग्लास, मग दुसरा. म्हणाले, एलादिओ, तुझ्या मुलीचं लग्न, आज तू पुढे. मी पुढे झालो. कालवडही पुढे झाली.

पुढचं नीट आठवत नाही. एका खिडकीचे गज होते. भानावर आलो तेव्हा मी त्या गजांवर इतक्या उंच होतो की बाल्कनीतली बाई म्हणाली, काका, आत या ना, कॉफी घ्या. कालवड केव्हाच गेली होती. मला उतरता येईना. खालून सगळा चौक बघत होता. कुणीतरी ओरडलं, अरे, याला खाली आणायला दुसरी कालवड सोडा! बासिलिओने हात पसरून गर्दी हटवली आणि फर्मीनने शिडी आणली. शिडीवरून फर्मीनच्या पाठीला मिठी मारून उतरलो. थरथरत होतो. रेसोलीमुळे.

पण बारकाईने पाहिलं तर आजचा दिवस फार महत्त्वाचा. मी चढलो! विचार न करता, हातापायांनी, सरळ भिंतीवर. याचा अर्थ ऐन वेळी माझ्यात ताकद येते. लग्नाच्या दिवशी ती येईलच. पुलावर कालवड सोडता येईल का, हेही मनात येऊन गेलं. नवरीचा पोशाख पांढरा, म्हणून विचार सोडला.

२४ सप्टेंबर

औषधाच्या दुकानात गेलो. म्हटलं, माझा एक मित्र आहे, त्याला उंचीचा थोडा त्रास. बाईंनी मन शांत करणाऱ्या वालेरियनच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, मित्राला सांगा, सराव करा, नि मुलीचं अभिनंदन. गोळ्या घेतल्या. सकाळचा ग्रुप चौकात माझी वाट बघत राहिला आणि मी घरी घोरत होतो. आईने हलवून उठवलं तेव्हा म्हटलं, न्येवेस कुठाय?

विसीचा फोन. ओरडली नाही, त्याचीच भीती वाटली. म्हणाली, एलादिओ, आपण एकोणीस वर्षं एका घरात राहिलो, मला शिकवू नकोस. जमत नसेल तर आत्ता सांग. फर्मीनचा सूट तयार आहे.

सूट तयार आहे! म्हणजे शिवून झाला!

फोन आपटला.  न्येवेस नाताळाला येते, उन्हाळ्यात दोन-तीन दिवस येते, तीही अर्धी तिकडे, अर्धी इकडे. जन्मदाखल्यात बाप म्हणून माझं नाव आहे, पण तिला गाडी शिकवली फर्मीनने, कॉलेजला सोडायला गेला फर्मीन. तिचा हात धरून चालायचं हे एकच काम उरलंय जे बापाचं आहे. तेही त्याने केलं तर मी लग्नाला कोण म्हणून जाणार? मांडवातला पाहुणा?

नाही. मरेन पण जाईन.  मरेन हा शब्द खोडायला हवा.

२६ सप्टेंबर

न्येवेस आली. बारीक झाली आहे. दोघांना खायला आलाहू आणला, मध-बदामाचा, तिने तुकडाही मोडला नाही. म्हणाली, बाबा, आज एकदा पुलावर सराव करू या का?  तत्काळ म्हणालो, छे, लग्नाआधी नवरी पुलावर गेली तर अपशकुन, कुएंकातली फार जुनी रीत. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, कुठली रीत? मी रेडिओ मोठा केला.

गंमत म्हणजे न्येवेसने वाद घातला नाही. उलट सुटल्यासारखी हसली. म्हणाली, बरं झालं, मग नकोच.

समजूतदार पोर. बापावर गेली.

२७ सप्टेंबर

काही नाही. आज पुलाकडे पाहिलंही नाही. दरीत फडफडणाऱ्या कावळ्यांचा आवाज घरापर्यंत येतो, हे इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. खिडक्या लावून घेतल्या. तरी येतो.

२८ सप्टेंबर, दुपारी

सूट घातला. टाय आईने बांधला, कारण माझी बोटं ऐकेनात. हवामान खात्याचं म्हणणं, वारा नाही. बरोबर आजच वारा नाही! झाडाचं पान हलत नाही.

योजना: नजर समोर. फटींकडे बघायचं नाही. न्येवेसशी गप्पा मारायच्या. फर्मीनकडे बघून हसायचं.

निघतो.

२८ सप्टेंबर, संध्याकाळनंतर, हॉटेलच्या खोलीत

क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या मीच वेगळं सांगेन.

पाहुणे सगळे आधीच पलीकडे. अलीकडे फक्त मी आणि न्येवेस. तिचा फोन विसीच्या पर्समध्ये, माझा घरी. पलीकडे बँड वाजायला लागला. लांब, बाहुलीएवढा गियेम दिसत होता, शेजारी विसी, फर्मीन, आई. न्येवेसने माझा दंड धरला. मी पहिल्या फळीवर पाय ठेवला, दुसऱ्या, मग पुढे. ताकद येईल म्हणून वाट बघत होतो. आली नाही. डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. पाय उचलायचा म्हणजे काय करायचं, हेच विसरलो. पूल हलत होता. खरंच हलत होता. देवा, आता पडणार, आणि पोरीला घेऊन पडणार.

तेव्हा दंडात नखं रुतली. न्येवेस थांबली होती. तोंड कागदासारखं. ओठ न हलवता म्हणाली, बाबा, मला जमत नाहीये. लहानपणापासून भीती वाटते मला या पुलाची. कुणाला सांगितलं नाही. वाटलं, तू रोज जातोस, तुझा हात धरला की आयुष्यात एकदा तरी होईल. म्हणून मुद्दाम हा पूल निवडला. बाबा, मला उलटी होईल.

या क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणालो, बाळा, तुझ्यासाठी मी काहीही करीन. चल, परत फिरू.

इतकं मनापासून मी आयुष्यात काही बोललो नव्हतो.

वळलो. मागून बँड एकेक वाद्य करून बंद पडला. आम्हाला वाटलं, गाणं संपलं. गल्लीतून खाली उतरलो, दरीतल्या रस्त्याने पलीकडे वर चढायचं असं ठरवलं. न्येवेसने सँडल हातात घेतल्या. रस्त्यात आम्ही खूप हसलो. किती वर्षांनी दोघंच होतो. डोक्यावर पूल, त्यावरून माणसं धावत होती. न्येवेस म्हणाली, कुणीतरी हरवलंय वाटतं.

हरवली होती ती नवरी. नवरी अर्ध्या वाटेवरून बापाला घेऊन पळाली, असा सगळ्यांचा समज. विसी आणि फर्मीन पुलावरून गावात शोधायला गेले होते.

वर पोचलो तर बँडवाले वाद्यं पिशवीत घालून बिअर पीत होते. गियेम पायरीवर बसला होता. कोटाचं फूल काढून हातात धरलं होतं. रडून डोळे सुजलेले. उठला नाही. एवढंच विचारलं, का गेलीस? न्येवेस म्हणाली, मला भीती वाटली. तो म्हणाला, माझी?

तिला बोलताच येईना. नुसती मान हलवत रडायला लागली, आणि ती हो म्हणतेय की नाही, ते कुणाला समजेना. गियेमची आई पर्स उचलून उभी राहिली. मला सगळं दिसत होतं, आत्ता मोडतंय, इथेच, माझ्या डोळ्यांसमोर. आणि पुलापेक्षाही जास्त भीती वाटली.

मी ओरडलो, तिला नाही, मला! मला भीती वाटली. पुलाची. मला उंचीची भीती वाटते. मी जन्मात तो पूल ओलांडलेला नाही. बावीस वर्षं लोकांना खोटं सांगतोय. शिडीवर मी दोनच दांडे चढलो होतो. मीच म्हणालो परत फिरू.

 मग धापा टाकत परत आलेला फर्मीन पुढे आला, डोळे भरलेले, आणि त्याने मला मिठी मारली. म्हणाला, बघा, याला म्हणतात बाप. पोरीची भीती स्वतःच्या अंगावर घेतली! टाळ्या पडल्या. मी म्हणत होतो, नाही हो, खरंच. जितकं म्हणावं तितक्या टाळ्या वाढत होत्या. गियेम उठला, त्याने न्येवेसचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि तिने त्याला मान हलवत सांगितलं, पूल, नुसता पूल. बँड परत लागला.

अंगणातून तिला मीच नेलं. अंगण सपाट होतं. गियेमच्या हातात हात देताना ती कानाशी म्हणाली, बाबा, माझ्यासाठी इतकं खोटं बोललास. कधी विसरणार नाही.

आई कोपऱ्यात बदाम चावत होती. माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही. मला आठवतंय तेव्हापासून पहिल्यांदाच.

२९ सप्टेंबर, रविवार

सकाळी सगळी वऱ्हाडी मंडळी न्याहारीला तळलेले चुरोस खायला गावात निघाली. पुलावरून. मी मागे रेंगाळलो. न्येवेस टोकाशी थांबली, माझ्याकडे नाही, गियेमकडे बघितलं. त्याने हात पुढे केला. ती गेली. हळूहळू, मधे एकदा थांबून, पण डोळे उघडे ठेवून. पलीकडे पोचल्यावर दोन्ही हात वर करून ओरडली, बाबा, झालं! ये ना!

मी हात हलवला. सगळे वाट बघत उभे होते. फर्मीन शिट्ट्या मारत होता. मी एक पाय पहिल्या फळीवर ठेवला. बराच वेळ तिथेच ठेवला.

मग हॉटेलच्या दारातून टॅक्सी केली. ड्रायव्हर म्हणाला, अहो, पुलावरून चालत पाच मिनिटांत पोचाल, दरीला वळसा घालून कशाला जाता? वारा, गुडघा, सामान, तिन्ही कारणं तोंडापर्यंत आली.

म्हटलं, मला भीती वाटते.

बसा, तो म्हणाला, आणि मीटर सुरू केला.